परातीत मावणारं आरमार

खोका उघडलास आणि घाबरलीस ना? फोनवर तुझा आवाजच सांगत होता गं. एवढ्या हौसेनं मागवलेली ‘यामातो’ ही जपानी युद्धनौका, झाकणावर कशी लाटा उडवत निघालेली, आणि आत बघावं तर राखाडी प्लास्टिकच्या चौकटीच चौकटी, त्यांना चिकटलेले शेकडो बारके भाग, पातळ पितळी पत्रे आणि पानंच्या पानं आकृत्यांची पुस्तिका. “ताई, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही,” म्हणालीस आणि खोका पलंगाखाली सरकवलास. बरं केलंस. राहू दे तिथेच. तो काही नासणारा जिन्नस नाही. तू आधी चहा टाक, माझ्याजवळ बैस आणि मी सांगते ते ऐक.

खरं सांगू का, तुला जमणार नाही असं यात काहीच नाही. साडीला फॉल लावणं, डाळीतले खडे निवडणं, एका वेळी तीन गोष्टी गॅसवर ठेवून एकही न करपवणं, हे तू रोज करतेस. हाताला आणि डोळ्याला लागणारी सवय तुझ्यापाशी आधीच आहे. अडचण आहे ती निवडीची.

हिशोब बघ. तुझा किट १:३५० मापाचा, म्हणजे खऱ्या जहाजाचे साडेतीन मीटर इथे एक सेंटिमीटर. यामातो २६३ मीटर लांब होती. कोचीला बांधलेली आपली नवी विक्रांत २६२ मीटरची, म्हणजे दोघी जवळपास एका लांबीच्या. भागाकार केलास की मॉडेल येतं ७५ सेंटिमीटर. अकलोलीच्या तुझ्या घरात, जिथे रविवारी कुंडावर आलेले पाहुणे जेवायला उतरतात आणि रात्री बाहेरच्या खोलीत गाद्या पडतात, तिथे एवढी लांब, नाजूक वस्तू तू अर्धवट अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवणार कुठे? पूर्ण झाल्यावर काचेत जाईल, ते ठीक. पण कामाच्या काळात तिला रोज उचलून ठेवावं लागेल आणि प्रत्येक उचलण्यात एखादी तोफ नाहीतर एखादी शिडी मोडेल. म्हणून यामातो नंतर. वर्षानं म्हण, दोन वर्षांनी म्हण. ती तुझीच आहे.

जहाजांचं सगळ्यात जास्त चालणारं माप आहे १:७००. जपानात शिझुओका हे या कारखान्यांचं गाव. तिथल्या टॅमिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ साली एकत्र येऊन या मापाची मालिका काढली आणि कोणी कुठली जहाजं करायची ते आपसात वाटून घेतलं. या मालिकेतली जहाजं पाण्याच्या रेषेपासून वरचीच असतात, बुडाचा भाग नसतो. तळ सपाट, त्यामुळे टेबलावर ठेवलं की समुद्रात उभं आहे असं वाटतं. यात विक्रांतएवढं जहाज साडेसदतीस सेंटिमीटरचं होतं आणि डेकवरचा खलाशी मोहरीच्या दाण्याएवढा. तेवढ्यानं दचकू नकोस. खलाशी लावलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

आता माझा खरा सल्ला. पहिली बोट म्हणून पाणबुडी कर. हो, पाणबुडी! आपल्या नौदलात १९८६ पासून सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या आल्या, रशियन बांधणीच्या. त्यांना जगभर ‘किलो’ वर्ग म्हणतात आणि त्याचे किट १:३५० मापात मिळतात. खरी पाणबुडी ७२ मीटरच्या वर, मॉडेल जेमतेम २१ सेंटिमीटर, वीतभर म्हण ना. भाग मोजके. शरीराचे दोन अर्धे, वरचा मनोरा, सुकाणू, पंखा. कठडे नाहीत, दोऱ्या नाहीत, मजल्यावर मजले नाहीत. पण कापणं, घासणं, चिकटवणं, सांधा बुजवणं, रंगवणं आणि आकडे लावणं, हे सगळे धडे तिच्यात येतात. दोन अर्धे जोडल्यावर मधोमध जी भेग दिसते ना, ती बोटाला लागेनाशी झाली की तू पहिली परीक्षा पास.

आणि मग दुसरी बोट कुठली, ते मी मनात ठरवून ठेवलंय. नीलगिरी.

हिच्याबद्दल जरा सावकाश सांगते, कारण माझा जीव तिच्यात अडकलाय. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ही, आणि ती बांधली मुंबईत, माझगाव डॉकमध्ये. २३ ऑक्टोबर १९६८ ला ती पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ ला नौदलात दाखल झाली. आराखडा ब्रिटिश, लिअँडर वर्गाचा. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी अशा आणखी पाच बहिणी माझगावलाच झाल्या. सगळ्यांना डोंगरांची नावं. आता म्हणशील, ताई, नीलगिरीचा किट कुठे मिळतो? नाही मिळत. आपल्या जहाजांचे प्लास्टिकचे किट फार कमी निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण लिअँडरचा मिळतो. एअरफिक्स या इंग्लिश कंपनीनं १:६०० मापात तो काढला होता, अधूनमधून जुन्या साठ्यात सापडतो. ११३ मीटरची नौका १९ सेंटिमीटरमध्ये बसते. त्या किटातून आपली नीलगिरी उभी करायची.

हे ऐकून पुन्हा घाबरू नकोस. युद्धनौकेचं मॉडेल करताना एक गोष्ट आधी ठरवायची असते. नुसतं जहाज ठरवून भागत नाही, तारीखही ठरवावी लागते. कारण जहाजं बदलत राहतात. रडार बदलतं, तोफ जाते, क्षेपणास्त्र येतं, रंग बदलतो, झेंडाही बदलतो. पण एकदा ‘नीलगिरी, जून १९७२’ असं कागदावर लिहिलंस ना, की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. तिच्या कुशीवर आकडा कुठला? एफ ३३. हेलिकॉप्टर कुठलं? ब्रिटिश लिअँडरवर वास्प असे, आपल्याकडे चेतक. चेतकचं धड दहा मीटरचं, म्हणजे तुझ्या डेकवर सुमारे १७ मिलिमीटर. प्लास्टिकच्या उरलेल्या तुकड्यातून कोरून होतं बघ. पुढची जुळी तोफ तशीच राहू दे. सहा जणींत नीलगिरीच मूळ ब्रिटिश आराखड्याच्या सगळ्यात जवळ आहे, म्हणून तर मी तुला ती सांगतेय. तारागिरी आणि विंध्यगिरीला हात घालायचा नाही इतक्यात. त्यांच्यावर मोठं सी किंग हेलिकॉप्टर उतरायचं, त्यासाठी मागची सगळी बाजू बदलली होती.

आणि झेंडा. हे मला फार आवडतं, म्हणून सांगतेच. आज नौदलाच्या निशाणावर निळ्या रंगाची अष्टकोनी मुद्रा आहे, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली. पण ती आली २ सप्टेंबर २०२२ ला, नवी विक्रांत दाखल झाली त्याच दिवशी. १९७२ च्या नीलगिरीवर ती लावशील तर चूक होईल. तेव्हा पांढऱ्या कापडावर तांबडा क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा असं निशाण होतं. नीलगिरी निवृत्त झाली तोवर तेच राहिलं. म्हणजे बघ, तारीख धरलीस की नखाएवढं निशाणसुद्धा स्वतःचा इतिहास सांगायला लागतं. चॉकलेटच्या चांदीच्या कागदावर ते रंगव आणि सुकल्यावर बोटानं हलकेच लाट दे. वाऱ्यावर आहे असं दिसेल.

महाराजांचं नाव निघालंच आहे तर एवढं सांगू दे. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि आपल्या या खाड्यांच्या काठी मराठ्यांची लढाऊ जहाजं बांधायला सुरुवात झाली. तू वज्रेश्वरीला जातेस ना दर नवरात्रात, ते देऊळही चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत बोललेल्या नवसाचं. १७३९ ला वसई मिळाली आणि नवस फेडला. तेव्हा भिवंडीकरणीनं जहाजाचा नाद लावून घेतला तर कोणाला नवल वाटायचं कारण नाही.

बरं, आता कामाचं बोलू. जागा. वेगळी खोली नको, वेगळं टेबलही नको. एक मोठी स्टीलची परात घे आणि सगळं काम परातीत कर. भाग उडाला तरी काठाला अडतो, आणि पोरं उठली की अख्खी परात उचलून कपाटावर ठेवता येते. मांडीवर जुना पांढरा टॉवेल पसर. जो भाग परातीबाहेर जातो तो नेहमी मांडीवरच येतो आणि पांढऱ्यावर राखाडी लगेच दिसतो. हरवलेला भाग शोधताना झाडू मारू नकोस. दिवे मालवून मोबाइलची बॅटरी जमिनीलगत आडवी धर, बारीकशा तुकड्याचीही लांब सावली पडते.

हत्यारं थोडीच आण, पण बरी आण. भाग चौकटीतून सोडवायला सपाट तोंडाचा साइड कटर, टोकदार सुरी, दोन चिमटे. भुवयांचा चिमटा चालेल गं, पण टोकं जुळतात का ते उजेडात धरून बघ. घासायला गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात वॉटरपेपर मिळतो, अंबाडी नाक्यावर नाही मिळाला तर भिवंडीत नक्की. चारशे, आठशे आणि हजार नंबरचा आण. घासताना पाणी लाव, म्हणजे भुकटी हवेत उडून नाकात जात नाही. भोकं पाडायला हातानं फिरवायचं छोटं ड्रिल लागेल, त्याची अर्ध्या मिलिमीटरची पाती मुंबईत नागदेवीला मिळतात. हे सगळं एकदम घेऊ नकोस. पाणबुडीला कटर, सुरी, चिमटा, पेपर आणि गोंद एवढंच पुरतं.

चौकटी आधी कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून धू. साच्यातून सुटावं म्हणून त्यांना तेलकट पदार्थ लावलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. पाणी कोमटच हवं. एखाद्या जहाजाचा तळ वाकडा आला असेल तर मात्र मुद्दाम गरम पाण्यात बुडवून, सपाट फरशीवर वजनाखाली ठेवून सरळ करतात. म्हणजे उष्णतेनं हे प्लास्टिक किती लवकर मऊ पडतं ते तुझ्या लक्षात येईल. एप्रिल-मेमध्ये खिडकीत उन्हाला काही ठेवायचं नाही.

गोंद दोन प्रकारचा. एक प्लास्टिकचा, तो खरं तर चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो. म्हणून थोडा लाव, जास्त लावलास तर भागावर बोटाचा ठसा कायमचा उमटेल. दुसरा फेविक्विक, पितळी भागांसाठी. तो हवेतल्या ओलाव्यानं धरतो, म्हणून तानसा नदीला पूर आलेला असतो त्या दिवसांत तो भर्रकन धरेल आणि आजूबाजूला पांढरी भुकटीही सोडेल. ट्यूबमधून थेट लावायचा नाही. जुन्या थाळीच्या पाठीवर थेंब घे आणि टाचणीच्या टोकानं उचल. मोठ्या फटी बुजवायला एम-सील आहेच तुझ्या घरात, नळासाठी आणलेलं. आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून लक्षात ठेव. नेलपॉलिश काढायचं पाणी आणि रंगाच्या दुकानातला एनसी थिनर यांना या कामात आणायचं नाही. दोन्ही तुझं जहाज खाऊन टाकतील.

वासाची काळजी तुला असणार, घरात लहान मूल आहे. असायलाच हवी. प्लास्टिकचा गोंद खिडकी उघडी ठेवून, पंखा पाठीमागून बाहेरच्या दिशेनं लावून वापर. रंग पाण्यात धुता येणारे ॲक्रिलिक घे. स्प्रेचा प्रायमर ओट्यावर नाहीतर अंगणात मार, तोही कोरड्या दिवशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की स्प्रेचा रंग कधी कधी पांढुरका फाकतो. पावसाळ्यात कापणं, घासणं, जोडणं करावं आणि रंग दसऱ्यानंतर काढावे, हे मी सगळ्याच मुलींना सांगते. आणि मूल झोपलं तरी सुरी आणि गोंद कुलपात गेल्याशिवाय तू उठायचं नाहीस. हा माझा हुकूम समज.

रंगवण्याची घाई नको. जाड एका थराऐवजी पातळ तीन थर दे. रंग किती पातळ हवा हे ओळखायला काचेच्या वाटीच्या आतल्या कडेवर थेंब सोडून बघ. तो सहज ओघळला आणि मागे पातळ पापुद्रा राहिला की जमलं. जहाजाचा सांगाडा, वरचे मजले, धुराडं, डोलकाठी हे सगळं सुटं सुटं रंगव आणि मग जोड. सगळं जोडून बसलीस तर आतल्या कोपऱ्यांत ब्रश पोचणार नाही. फक्त जिथे गोंद लागणार तिथला रंग खरवडून घे, रंगावर प्लास्टिकचा गोंद धरत नाही.

आपल्या नौकांचा रंग फिकट राखाडी. पाण्याखाली तांबडा आणि दोघांच्या मधे पाण्याच्या रेषेवर काळा पट्टा. हा पट्टा सरळ आला की जहाज जहाज दिसतं, वाकडा आला की बाकी सगळं कितीही चांगलं असो, नजर तिथेच जाते. पुस्तकांच्या ढिगावर पेन्सिल आडवी बांध, टोक हव्या त्या उंचीवर ठेव आणि पेन्सिल तशीच राहू देऊन जहाज तिच्याभोवती फिरव. रेघ एका पातळीत येते. मग चिकटपट्टी लाव. काळा अगदी बाटलीतला काळा वापरू नकोस, त्यात थोडा राखाडी मिसळ. एवढ्या लहान वस्तूवर निव्वळ काळा फार भडक दिसतो. गंजाचे ओघळ काढायची हौस सगळ्यांनाच असते, पण आपली नौका नुकतीच नौदलात दाखल झालेली आहे, जून १९७२ ची. तिच्यावर गंज कुठून येणार? बघ, तारीख कशी मदतीला येते!

आकड्यांचे स्टिकर असतात ना, पाण्यात भिजवून सरकवायचे, त्यांना कुंडाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नकोस. क्षार वाळले की पांढरे डाग राहतात. फिल्टरचं घे.

आता तुला ज्याची सगळ्यात भीती वाटली ते, कठडे आणि तारा. पितळी पत्र्यावर ॲसिडनं कोरलेले ते कठडे मी तुला पाणबुडीत करायला लावत नाही आणि नीलगिरीतही लावलेच पाहिजेत असं नाही. पण इच्छा झालीच तर असं कर. आधी पट्टी गॅसच्या ज्योतीवरून चिमट्यानं एकदाच फिरव, तांबूस झाली की बाजूला घे. पितळ मऊ पडतं आणि नाळेच्या गोलाईवर सांगू तसं वळतं. मग कठडा डेकच्या लांबीला कोरडाच धरून बघ, जास्तीचा काप आणि आधी फक्त एका टोकाला टाचणीभर फेविक्विक लाव. श्वास रोखायचा नाही गं, सोडायचा, हात तेव्हा स्थिर असतो. ते टोक धरलं की मधला भाग चिकटव, मग दुसरं टोक. एका संध्याकाळी एका बाजूचा कठडा झाला तर पुरे म्हण आणि ऊठ. डोळे दमल्यावर केलेलं काम दुसऱ्या दिवशी उपटावंच लागतं.

तारांसाठी तर तू सोन्याच्या खाणीत राहतेस बाई! डोलकाठीवरून जाणाऱ्या रेडिओच्या तारा करायला जगभरातले लोक बारीक धागा शोधत असतात आणि आपल्या भिवंडीत यंत्रमागांवर तो मैलोन्‌मैल धावतो. ओळखीच्या कारखान्यात जा आणि वीस डेनियरचा पॉलिएस्टर मोनोफिलामेंट मागून बघ. तो साधारण पाच शतांश मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा असतो, कापूस नसल्यामुळे त्याला लव नसते. नाहीच मिळाला तर घरी धागा काढ. किटची रिकामी चौकट असते ना, तिची वीतभर काडी दोन्ही हातांत धरून मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी वर फिरव. आधी काही होत नाही. मग मधला भाग चकाकतो, मऊ होऊन किंचित खाली झुकतो. त्या क्षणी ज्योतीपासून बाजूला घे आणि दोन्ही हात एका चालीनं लांब कर. हळू ओढलंस तर जाड तार, झटकन ओढलंस तर केसाहून बारीक. थंड होईपर्यंत ताण सोडू नकोस. हे एकदा जमलं की तू दुपारभर दुसरं काही करणार नाहीस, मला खात्री आहे.

संदर्भासाठी फोटो लागतात. नौदलाच्या गोदीचे, उभ्या युद्धनौकांचे फोटो आपण होऊन काढायला जाऊ नकोस, तिथे मनाई असते. छापील पुस्तकं आहेत. व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानींचं ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ १९६५ ते १९७५ चा नौदलाचा इतिहास सांगतं, नीलगिरीचा काळ नेमका तोच. आणि खरी लढाऊ नौका जवळून बघायची तर कारवारला जा, तिथे समुद्रकिनाऱ्यावर ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. तिच्याभोवती एक फेरी मार. दारं किती लहान असतात, शिड्या किती उभ्या, पत्र्यावर रंगाचे थर कसे चढलेले, हे फोटोत कळत नाही.

जुनी विक्रांत मी बाबांबरोबर मुंबईला बघितली होती, संग्रहालय असताना. ती १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली, २०१२ पर्यंत लोकांना बघता आली, आणि मग भंगारात निघून मुंबईच्याच दारूखान्याला तोडली गेली. एवढं मोठं जहाज, १९७१ च्या युद्धात लढलेलं, आणि आज त्याच्यावर पाय ठेवायला जागा नाही. नीलगिरी तर निवृत्तीनंतर क्षेपणास्त्राच्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाची नवी नौका मुंबईत दाखल झाली, तिचं कौतुक आहेच. पण पहिलीला बघायचं तर कोणालातरी ती हातानं करावी लागते. म्हणूनच मी या कामाला छंद म्हणून हलक्यात काढू देत नाही कोणाला.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, “लढाईची खेळणी घरात कशाला?” त्यांच्यावर रागावू नकोस. बाईमाणसाला लढाईचा धसका असतोच. त्यांना एकदा दीवची गोष्ट सांग. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपली खुकरी ही नौका पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक आहे आणि तिथे काचेच्या घरात काय ठेवलंय माहीत आहे? खुकरीची लहान प्रतिकृती. ज्यांची माणसं परत आली नाहीत, त्यांना हात जोडायला ते जहाज आहे. सासूबाईंना हे सांग आणि बघ, तुझ्या परातीकडे त्या वेगळ्या नजरेनं बघतील. जहाजात माणसं राहतात गं. स्वयंपाकघर असतं, झोपायच्या फळ्या असतात, पत्र वाचायचा कोपरा असतो. हे मनात ठेवून कठडा लावलास की तो सरळच लागतो.

पैशांचं म्हणशील तर परदेशी किट महाग आहेत, हे खरं. म्हणून एक झाल्याशिवाय दुसरा मागवायचा नाही. न उघडलेल्या खोक्यांचा ढीग जमवण्याची खोड मॉडेल करणाऱ्या लोकांत फार आहे, तू ती लावून घेऊ नकोस. पूर्ण झालेली बोट धुळीत ठेवायची नाही. फोटो फ्रेम करणाऱ्याकडून काचेची साधी पेटी करून घे, तळाला लाकडी फळी. फडक्यानं पुसायला कोणालाही देऊ नकोस, अगदी मलासुद्धा!

तर आता असं कर. आज पाणबुडीचा किट मागव. तो येईपर्यंत यामातोच्या चौकटीवरचे जे रिकामे दांडे आहेत, त्यांच्यावर कापायचा आणि घासायचा सराव कर, भागांना हात न लावता. कटरनं भागापासून जरा दूर काप, उरलेलं टोक सुरीनं घे आणि मग पेपर. पुढच्या रविवारी पाहुणे गेले की दुपारी ये, परात मी काढून ठेवते. साइड कटर माझ्याकडे दोन आहेत, एक तू ने. फेविक्विक मात्र नवीन आण, आणि येताना चिमटा विसरू नकोस.